पांढरं जळू नये म्हणून

एचडीआर छायाचित्रणावरची पुस्तकं चाळली तर त्यांत प्राणी फारसे सापडत नाहीत. चर्चच्या रंगीत काचा, नदीवरचे पूल, ओस पडलेल्या गिरण्या, सूर्यास्त, खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या हॉटेलच्या खोल्या, असा सगळा मामला असतो. कारण उघड आहे, या गोष्टी जागच्या हलत नाहीत. ट्रायपॉड लावायचा, एकच दृश्य तीनदा टिपायचं, एकदा अंधारं, एकदा बेताचं, एकदा लख्ख, आणि मग संगणकावर तिन्हींतला कामाचा भाग घेऊन एक चित्र जुळवायचं. पूल तोवर थांबतो. पुण्याजवळच्या कवडीपाटच्या पाण्यातला शेकाट्या पक्षी मात्र पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेमच्या मध्ये दोन पावलं पुढे गेलेला असतो, आणि जुळवलेल्या चित्रात त्याला पाच पाय फुटतात.

त्यामुळे पक्ष्या-प्राण्यांचे फोटो काढणारे या तंत्राच्या वाट्याला जात नाहीत. जे जातात, त्यांच्यातले बरेच जण एचडीआर म्हणजे सॉफ्टवेअरमधला एक स्लायडर आहे असं समजून तो शेवटपर्यंत ओढतात. मग पोपटी गवत, जांभळं आकाश आणि कडेने उजळ रेघ मारलेला लांडगा तयार होतो. पुण्यात फोटोंची प्रदर्शनं पुष्कळ भरतात, आणि अशा चित्रापुढे कुणीतरी ‘प्रोसेस केलंय’ एवढं म्हणून पुढे सरकतं. या शहरात ती शिवी आहे.

या पुस्तकाने या दोन्ही वाटा सोडल्या आहेत, आणि प्रस्तावना लिहायला मी तयार झालो तो त्यासाठीच. जिवंत प्राण्याच्या बाबतीत एचडीआरचं बरंचसं काम शटर दाबण्याआधी उरकावं लागतं. नंतर संगणकासमोर जे उरतं ते मुख्यतः हात आवरण्याचं काम असतं. पुढच्या प्रकरणांत तंत्राचे तपशील भरपूर आहेत. इथे मला एवढंच सांगायचं आहे की हे तंत्र कुठे लागतं, कुठे लागत नाही, आणि कुठे ते वापरणं म्हणजे प्राण्याबद्दल खोटं बोलणं ठरतं.

अडचण नवी नाही. फ्रान्समधल्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमारास समुद्राची छायाचित्रं काढली, तेव्हाही हाच घोळ होता. त्या काळच्या काचेच्या प्लेटला निळा प्रकाश फार लवकर लागायचा. लाटा नीट उमटाव्यात एवढा वेळ दिला की आकाश पांढरंफटक, आणि आकाश वाचवलं की समुद्र काळाठिक्कर. काही चित्रांत त्याने समुद्राची एक निगेटिव्ह घेतली, आकाशाची दुसरी, आणि दोन्ही एकाच कागदावर छापल्या. पुढे अमेरिकेत चार्ल्स वायकॉफने अणुस्फोट टिपण्यासाठी तीन थरांची फिल्म केली. प्रत्येक थराची संवेदनक्षमता वेगळी, म्हणजे स्फोटाचा डोळे दिपवणारा गाभा एका थरात आणि भोवतालचा मंद भाग दुसऱ्यात. संगणकाच्या जमान्यात १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून दृश्यातला खरा प्रकाश गणिताने परत कसा काढायचा ते मांडलं. पुढची बरीचशी एचडीआर सॉफ्टवेअर त्या वाटेने गेली. २०००मध्ये श्री नायर आणि तोमू मित्सुनागा यांनी एकाच सेन्सरवरच्या शेजारशेजारच्या पिक्सेलना कमीजास्त प्रकाश देण्याची कल्पना मांडली. तिच्यात पुन्हापुन्हा फ्रेम घ्यायची गरजच नव्हती. आमच्या कामाला खरी जवळची कल्पना ती, कारण पक्षी दुसऱ्या फ्रेमसाठी थांबत नाही.

आता थोडा हिशेब करू. प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप. दृश्यातल्या सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत अंधाऱ्या तपशिलात जितके स्टॉप, तितकी त्या दृश्याची डायनॅमिक रेंज, म्हणजे पल्ला. हा शब्द फक्त आमचा नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. तिथले रेडिओ-खगोलशास्त्रज्ञही आपल्या नकाशांची डायनॅमिक रेंज मोजतात, कारण प्रखर स्रोताशेजारचा अतिमंद स्रोत दिसणं ही त्यांचीही रोजची डोकेदुखी आहे. त्याच तालुक्यातल्या उसात बिबट्या शोधणाऱ्या फोटोग्राफरची अडचण त्यांना सांगितली, तर ती समजायला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागू नये.

म्हशीच्या पाठीवर बसलेला गायबगळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पांढऱ्याशुभ्र पक्ष्याखाली काळंभोर जनावर म्हटल्यावर हे एचडीआरचं आदर्श उदाहरण वाटतं, आणि कार्यशाळांमध्ये ते तसं दिलंही जातं. पण आकडे वेगळंच सांगतात. पांढरं पीस अंगावर पडलेल्या प्रकाशातला ऐंशी-नव्वद टक्के परत पाठवतं आणि म्हशीचं कातडं चार-पाच टक्के. फरक सुमारे वीसपट, म्हणजे साडेचार स्टॉपच्या आतबाहेर. दोघं एकाच उन्हात असतील तर आजचा कुठलाही बरा कॅमेरा हा फरक सहज पेलतो. तरी बगळा जळतो, कारण मीटरला फ्रेमभर काळी म्हैस दिसते. दृश्य अंधारं आहे असं ठरवून तो प्रकाश वाढवतो आणि त्यात बगळा वाहून जातो. हे मीटरिंगचं दुखणं आहे, त्यावर एचडीआरचं औषध देण्यात अर्थ नाही. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एक-दीड स्टॉप खाली आणलं की विषय संपतो.

एचडीआरचं खरं दुखणं सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत भेटतं. स्वर्गीय नर्तकाचा नर तिथे ओढ्याकाठच्या गर्द सावलीत फिरतो. डोकं चकचकीत काळं, अंग पांढरं आणि शेपटीची लांब पांढरी फीत. उन्हाळ्यातल्या भर दुपारी तो पानांच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या एका कवडशात शिरतो. उघड्यावर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स भरतं, दाट झाडीखाली ते पाचशेवर येऊ शकतं. हा झाला दोनशेपटीचा, म्हणजे साडेसात स्टॉपचा फरक. त्यात पांढऱ्या शेपटीचा आणि काळ्या डोक्याचा साडेचार स्टॉपचा फरक मिळवा. शेपूट उन्हात आणि डोकं सावलीत असेल तर बेरीज बारावर जाते.

कॅमेऱ्याच्या जाहिरातीत चौदा स्टॉप लिहिलेले असतात, तेव्हा बारा म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ते चौदा स्टॉप आयएसओ ६४ किंवा १००चे आहेत. आयएसओ एका पायरीने वाढवला की पल्ला साधारण एका स्टॉपने घटतो. सावलीत नाचणाऱ्या पाखरासाठी शटर हजारांशाच्या खाली आणता येत नाही, बहुतेकांच्या लांब लेन्सचं तोंड एफ ५.६ किंवा ६.३पेक्षा मोठं होत नाही, आणि आयएसओ मुकाट्याने १६०० किंवा ३२००वर जातो. हातात उरतात दहाएक स्टॉप, कधी त्याहूनही कमी. निसर्गदृश्यं टिपणाऱ्याला सेन्सरचा पूर्ण पल्ला वापरायला मिळतो. वन्यजीव छायाचित्रकाराला तो जवळजवळ कधीच मिळत नाही. मला विचाराल तर या पुस्तकातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, आणि लेन्सवर लाखो रुपये घालणारी माणसंही तो विसरतात.

पुण्याला प्रकाशाची ही ओढाताण नवीन नाही. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून इथे आली आणि त्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. चित्रपटवाल्यांनी यावर साधा तोडगा काढला होता. उन्हात उभ्या नायिकेच्या चेहऱ्याची सावलीची बाजू काळी पडते ना, मग समोरून रिफ्लेक्टर धरा. म्हणजे दृश्याचाच पल्ला कमी करून टाका, फिल्मवर ताण नको. आजही लग्नाच्या फोटोग्राफरचा मदतनीस तेच करतो. पण ही इन्स्टिट्यूट ज्या लॉ कॉलेज रस्त्यावर आहे त्यामागच्या टेकडीवरच्या मोरासमोर रिफ्लेक्टर कोण धरणार? फ्लॅशने सावली भरून काढता येते, आणि पूर्वी ते सर्रास चालायचं. दिवसा, दुरून, कमी ताकदीचा फ्लॅश कितपत चालावा यावर मतभेद आहेत. घुबड, रातवा असल्या निशाचरांच्या डोळ्यांवर रात्री फ्लॅश मारण्याबद्दल माझ्या मनात मतभेदाला जागा नाही. सेन्सर सुधारले त्याचा मला सगळ्यांत मोठा फायदा वाटतो तो हा, की फ्लॅश पिशवीतून बाहेर काढायला आता तांत्रिक सबबही उरलेली नाही.

मग ब्रॅकेटिंगचं, म्हणजे कमीजास्त उजेडाच्या तीन फ्रेम घेऊन जोडण्याचं काय? थोडं गणित करून पाहू. कॅमेरा सेकंदाला वीस फ्रेम घेतो असं धरू. उडता बगळा सेकंदाला दहाएक मीटर जात असेल, तर दोन फ्रेमच्या मध्ये तो अर्धा मीटर सरकतो. तीन फ्रेम म्हणजे तीन बगळे. सॉफ्टवेअरमध्ये ही भुतं पुसण्याची सोय असते. ती काय करते, तर हललेल्या भागासाठी तिन्हींतली एकच फ्रेम निवडते. म्हणजे जो पक्षी टिपायला आपण गेलो तोच एका फ्रेममधून येतो आणि तीन फ्रेमचा फायदा फक्त मागच्या झुडपांना मिळतो. भिगवणला तर ट्रायपॉडचाही उपयोग नाही. उजनीच्या जलाशयात कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावेत बसलात की पाणी हलतं, नाव हलते, नावाडी वल्हं मारतो, आणि समोरचे रोहित तर एका जागी उभे असतानाही माना खालीवर करत असतात. तिथे ब्रॅकेटिंग म्हणजे मेमरी कार्ड भरण्याचा उद्योग.

ब्रॅकेटिंगला जागा आहे, पण ती अरुंद आहे. ढोलीच्या तोंडाशी डोळे मिटून बसलेला पिंगळा, काठावर पसरलेली मगर, किंवा विस्तीर्ण माळावर ठिपक्याएवढा दिसणारा काळवीट, ज्यात चित्राचा नायक माळ आणि आकाश हेच असतात, अशा ठिकाणी ते जमतं. घरटं मात्र या यादीत घालू नये. ते हलत नाही, पक्षी पुन्हापुन्हा तिथेच येतो, म्हणून मोह होतो. वन्यजीव संरक्षण कायद्याने, म्हणजे १९७२च्या कायद्याने, पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हे शिकारीच्याच व्याख्येत घातलं आहे. ती व्याख्या प्रत्येकाने एकदा मुळातून वाचावी.

उरतो तो एका फ्रेमचा रस्ता. त्याची प्रकरणं या पुस्तकात सगळ्यांत लांब आहेत आणि ते योग्यच आहे. रॉ फाइलमध्ये १४ बिटला प्रत्येक पिक्सेलसाठी १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. सावलीत दडलेला तपशील रॉमधून काही प्रमाणात वर काढता येतो. त्यासोबत नॉईज येतो, पण तो सोसता येतो, कमीही करता येतो. जळालेलं पांढरं मात्र परत येत नाही, कारण पिक्सेल एकदा काठोकाठ भरला की पुढचा प्रकाश नोंदवलाच जात नाही. म्हणून एक्स्पोजर पांढऱ्यासाठी धरायचं आणि काळं नंतर उचलायचं. बऱ्याच नव्या सेन्सरवर शटर आणि अॅपर्चर तेच ठेवून आयएसओ दोन स्टॉप खाली ठेवला आणि रॉमध्ये उजळपणा तितकाच वाढवला, तर नॉईज जवळपास सारखाच येतो. पांढऱ्याला मात्र दोन स्टॉपचा श्वास मिळतो. पडद्यावर फोटो अंधारा दिसतो आणि शेजारी बसलेला हसतो. हसू द्यावं. आपल्या कॅमेऱ्यावर हे कितपत खरं आहे ते आधी घरी तपासून घ्यावं, कारण सगळे सेन्सर तसे नसतात.

आणखी एक बारकावा. कॅमेऱ्याचा हिस्टोग्राम सहसा जेपेगवरून बनतो, रॉवरून नाही. तो जळाल्याची ओरड जरा लवकरच करतो. दुसरीकडे, सगळे रंग मिळून काढलेला एकच आलेख मोराच्या बाबतीत फसवतो. एकूण उजळपणा ठीक दिसत असताना मानेवरचा निळा चॅनल एकटाच भरून वाहतो. रोहितच्या पंखातल्या लालाचं तेच. तीन रंगांचे तीन आलेख पाहण्याची सवय नसेल, तर मान नुसती सपाट निळी दिसते, पीस दिसत नाही, आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

सगळं पांढरं वाचवायचं असतं असंही नाही. भीमाशंकरला शेकरू उंच फांदीवर असतो आणि त्याच्यामागे पावसाळी, पांढुरकं, कसलाही तपशील नसलेलं आकाश. ते वाचवून तरी मिळणार काय? करडा कागद. शेकरूच्या अंगावरचा तांबूस-तपकिरी रंग, पोटाची पिवळट फर, झुबकेदार शेपटी यांच्यासाठी एक्स्पोजर द्यावं आणि आकाश खुशाल जळू द्यावं. जुलै-ऑगस्टात ताम्हिणीत तर ढगच सगळीकडून सारखा प्रकाश देतात, तिथे जमिनीलगतच्या बेडकाला किंवा सापाला एचडीआरची गरज पडत नाही. गरज पडते ती मेच्या उन्हात. मेच्या मध्यावर सूर्य माध्यान्हीला पुण्याच्या थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या वेळी माळावर फोटो काढत उभं राहण्यापेक्षा सावली गाठून डबा खावा, हा सल्ला कोणत्याही तंत्रापेक्षा जुना आहे आणि अजून बाद झालेला नाही.

आता हात आवरण्याबद्दल. १८९६ साली अबॉट थेयर या अमेरिकन चित्रकाराने एक साधी गोष्ट दाखवून दिली. पुष्कळ प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं, कारण ऊन वरून येतं. पाठ उजळते, पोट सावलीत जातं, दोन्हींची वजाबाकी होते, अंगाची गोलाई नाहीशी होते आणि प्राणी मागच्या रंगात विरघळतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा पाहा. पाठ तांबूस, पोट पांढरं. सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा न भरणाऱ्या त्या छोट्याशा अभयारण्यात समोर उभा असलेला चिंकारा कित्येकदा दिसत नाही, आणि शेपटी हलली की एकदम दिसतो. त्याचं कातडं म्हणजे उन्हाचा पल्ला कमी करण्याची लाखो वर्षांत घडलेली व्यवस्था आहे. आपण संगणकावर शॅडोचा स्लायडर ओढतो तेव्हा ती व्यवस्था मोडतो. सावलीतलं पांढरं पोट उजळतं, आणि चिंकाऱ्याच्या पोटाखाली कुणी ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसतं. चित्र तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतं, प्रत्येक केस दिसतो, आणि तरीही तो चिंकारा माळावरचा राहत नाही.

जुन्नरच्या उसातल्या बिबट्याचं आणखी कठीण. त्याचे ठिपके उन्हा-सावलीच्या तुकड्यांत मिसळण्यासाठीच आहेत. उसाच्या फडाच्या कडेला बसलेल्या बिबट्याचा डोळा आणि कानाची कड एवढंच दिसत असेल, तर ते दृश्याचं सत्य आहे. शेतकऱ्याला तो तसाच दिसतो, किंबहुना दिसतच नाही, आणि त्या भागातल्या माणसा-बिबट्याच्या सगळ्या ताणाच्या मुळाशी हे न दिसणं आहे. सावल्या उचलून अख्खा बिबट्या बाहेर काढला की चित्र प्रदर्शनाला चांगलं होतं, पण जुन्नरबद्दल ते काही सांगत नाही. माझी कसोटी जुनीच आहे. त्या जागी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला जे दिसलं असतं तिथवर सावली उचलावी, त्यापुढे नाही. डोळा फार मोठा पल्ला पेलतो, पण एकाच वेळी नव्हे. तो उन्हाकडे पाहताना आकसतो, सावलीकडे पाहताना सैलावतो. त्यामुळे ही कसोटी काटेकोर नाही हे मान्य, वाद घालायला तिच्यात भरपूर जागा आहे. पण कसोटीच नसण्यापेक्षा ती बरी.

एक व्यावहारिक सत्यही सांगून टाकतो. तुमच्या हातातल्या या पुस्तकात खऱ्या अर्थाने एकही एचडीआर चित्र नाही, असू शकत नाही. चांगल्या चकचकीत कागदाचा पांढरा आणि शाईचा काळा यांत सहा-सात स्टॉपचं अंतर असतं, साध्या कागदावर त्याहून कमी. दहा स्टॉपचं दृश्य त्यात बसवायचं म्हणजे दाबून बसवायचं, यालाच टोन मॅपिंग म्हणतात. नव्या फोनचे आणि टीव्हीचे पडदे आता कागदाच्या कितीतरी पुढे गेले आहेत. त्यांच्यावर बगळा खरोखर झगमगतो. त्या पडद्यावर छान दिसलेला फोटो छापखान्यात गेल्यावर मलूल होतो, तेव्हा छापखान्याशी भांडायला जाऊ नये.

फोनचा विषय निघालाच आहे तर, आज सगळ्यांत जास्त एचडीआर वन्यजीव फोटो फोनवर निघतात, आणि काढणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. बटण दाबलं की फोन मुद्दाम कमी उजेडाच्या बऱ्याच फ्रेम घेतो, त्यातली एक आधार धरतो, बाकीच्यांतलं जुळेल ते तिच्यात मिसळतो आणि जुळत नाही ते टाकतो. थव्याच्या कडेचे पक्षी म्हणूनच कधीकधी मेणाचे दिसतात. कवडीला दुर्बिणीच्या भिंगाला फोन टेकवून काढलेले काही फोटो मी असे पाहिले आहेत की मोठ्या कॅमेऱ्यांनी मान खाली घालावी. नाकं मुरडायचं कारण नाही.

वादाचा खरा मुद्दा प्रकाशापेक्षा वेळेचा आहे, आणि तो काजव्यांपाशी येऊन टोकाला जातो. पावसाच्या आधी भीमाशंकर, राजमाची, भंडारदरा इथे काजवे चमकू लागतात आणि पुण्या-मुंबईहून गाड्यांची रांग लागते. झाडाखाली सोन्याचा सडा पडलेला जो फोटो सगळीकडे फिरतो, तो बहुतेक वेळा वीस-तीस सेकंदांच्या डझनावारी फ्रेम एकावर एक रचून केलेला असतो. तासाभरातली सगळी चमक एका क्षणात ओतलेली असते. चित्र सुंदर असतं, पण तसं दृश्य कुणी कधी पाहिलेलं नसतं. तेच पाहायला म्हणून लोक येतात, त्यांना ते दिसत नाही, मग ते गाडीचे दिवे आणि मोबाइलचे टॉर्च लावून शोधू लागतात. नराच्या लुकलुकीला मादीने उत्तर द्यायचं, यावर ज्यांची वीण अवलंबून, त्या किड्यांच्या डोळ्यांत हा उजेड जातो. एका क्षणाचा प्रकाश नीट दाखवण्यासाठी फ्रेम जोडणं आणि तासाभराचा काळ एका चित्रात भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी निषिद्ध आहे असं मी म्हणत नाही, पण ती सांगितली गेलीच पाहिजे.

जागतिक स्पर्धांनी यावर बराच विचार केला आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वार्षिक स्पर्धेत एचडीआरला बंदी नाही. चित्राने पाहणाऱ्याला फसवू नये आणि मूळ रॉ फाइल दाखवता यावी, ही अट आहे. त्या स्पर्धेतली गाजलेली अपात्रतेची प्रकरणंही स्लायडरमुळे घडलेली नाहीत. २००९चा कुंपणावरून उडी मारणारा लांडगा माणसाळलेला निघाला. एका ब्राझिलियन छायाचित्रकाराच्या २०१७च्या चित्रातलं मुंगीखाऊ भुसा भरलेलं असल्याचा निष्कर्ष निघाला आणि २०१८मध्ये बक्षीस काढून घेतलं गेलं. प्रोसेसिंगवर घसा कोरडा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की मोठी फसवणूक बहुतेकदा कॅमेऱ्यासमोर होते, संगणकात नाही. आपल्याकडेही आमिष टाकून उतरवलेला शिकारी पक्षी किंवा गाडीने पिटाळलेला लांडगा रॉ फाइलमध्ये अगदी निष्पाप दिसतो. कडबनवाडी आणि शिरसुफळच्या गवताळ माळांवर वनखात्याने आता ठरावीक मार्गांवरून सफारी सुरू केली आहे, तिचा एक उपयोग हा पाठलाग थांबावा हाही आहे.

जळालेल्या जागी पिसं भरून देणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र मी कडवा आहे. एखादा रंग भरून वाहिला असेल आणि उरलेल्या दोन रंगांवरून त्याचा अंदाज बांधला, तर ती दुरुस्ती झाली. तिन्ही गेले असतील तर तिथे काहीच नोंदलेलं नाही. सॉफ्टवेअर जी पिसं काढून देतं ती सुबक असतात, फक्त त्या बगळ्याची नसतात. पिसांच्या रचनेवरून पक्ष्याचं वय किंवा जात ठरवणाऱ्या अभ्यासकाच्या हाती असा फोटो गेला, तर नुकसान कलेपलीकडे जातं.

या पुस्तकातल्या मुळा-मुठेच्या चित्रांबद्दल दोन शब्द. कवडीला हिवाळ्यातल्या सकाळी धुकं असतं, चक्रवाकांच्या जोड्या असतात, नदीसुरय पाण्यावरून फिरतात. आणि फेस असतो, जलपर्णी असते, काठाच्या झुडपांना अडकलेलं प्लास्टिक असतं. सावल्या उचलल्या की हे प्लास्टिक दिसू लागतं. फोटोग्राफर मग तेवढाच भाग पुन्हा काळा करतात. काही वर्षांनी या नदीवर कोणते पक्षी कशाच्या शेजारी राहत होते हे कुणी शोधू लागला, तर त्याला आपले काळे केलेले कोपरे सापडतील. या पुस्तकात ते काळे केलेले नाहीत. काही चित्रं त्यामुळे कमी देखणी झाली आहेत. ती तशीच छापण्याचा आग्रह मला आवडला.

शेवटी वाचकाला एक विनंती. पुढच्या पानांवरच्या प्रत्येक चित्राखाली फ्रेम एक की अनेक, अनेक असल्यास किती वेळात घेतलेल्या, आणि सावल्या साधारण किती स्टॉप उचलल्या, हे लिहिलेलं आहे. आपले फोटो कुठेही देताना, स्पर्धेला, मासिकाला किंवा नुसतं मित्रमंडळींत, या तीन गोष्टी लिहायची सवय लावून घ्या. एका ओळीचं काम आहे.

पुणे